ठाणे-नवी मुंबईत कॉलेज फुटबॉल कोचसाठी दरवर्षीचं अवॉर्ड सुरू करायचंय? आम्ही कसं करतो ते सांगतो

चार वर्षांपूर्वी आमच्या जुन्या कॉलेज टीममधल्या अकरा जणांनी ठरवलं की ठाणे ते पनवेल या पट्ट्यातल्या कॉलेज फुटबॉल कोचपैकी दरवर्षी एकाला काहीतरी मानाचं द्यायचं, आणि तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मेसेज करतं की दादा आम्हाला पण आमच्या एरियात असं सुरू करायचंय, कसं करू. प्रत्येकाला तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो. लांब होईल, पण यातला एक पण भाग गाळला तर पुढे अडकायला होतं म्हणून सगळं लिहितोय.

आधी गरज का आहे ते. देशात कोचसाठी द्रोणाचार्य पुरस्कार आहे, तो १९८५ ला सुरू झाला, आणि फुटबॉलमध्ये सय्यद नईमुद्दीन सरांना तो १९९० मध्ये मिळाला. आपल्या राज्याच्या शिवछत्रपती पुरस्कारांमध्ये पण मार्गदर्शकांसाठी वेगळा पुरस्कार असतो. पण तिथे नाव जायला तुमचे खेळाडू नॅशनल-इंटरनॅशनल लेव्हलला गेलेले लागतात. सकाळी सव्वासहाला महापालिकेच्या मैदानावर येऊन, बाजूला क्रिकेटच्या तीन मॅच चालू असताना कोपऱ्यात प्लास्टिकचे कोन लावून पोरांना पासिंग शिकवणारा जो कॉलेजचा सर आहे ना, त्याच्याकडे बघायला कोणीच नाही. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२२ ला मुलींच्या अंडर-१७ वर्ल्डकपची फायनल झाली, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं, अख्ख्या जगाने नवी मुंबईचं ग्राउंड बघितलं, आणि तिथून अर्ध्या तासावर कॉलेजच्या मुलींची टीम प्रॅक्टिसला जागा शोधत फिरत होती. त्या मुलींना खेळत ठेवणारा माणूस मला महत्त्वाचा वाटतो.

हे असं अवॉर्ड कुठे नीट चालतं ते आम्ही शोधलं तेव्हा अमेरिकेची उदाहरणं सापडली. तिथला कॉलेज फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नाही, हेल्मेट घालून लांबुळक्या बॉलने खेळतात तो, पण कोचसाठीची अवॉर्ड्स त्यांच्याकडे एक नाही चांगली पाच-सहा आहेत आणि काही तर फार जुनी. त्यांच्या कोच लोकांच्या संघटनेचं अवॉर्ड १९३५ पासून आहे आणि ते कोचच मत देऊन ठरवतात. फुटबॉलवर लिहिणाऱ्या पत्रकारांचं वेगळं आहे, एडी रॉबिन्सन यांच्या नावाचं. हे रॉबिन्सन ग्रॅम्बलिंग नावाच्या कॉलेजात १९४१ ते १९९७ कोच होते, एकाच कॉलेजात, आणि ४०८ मॅचेस जिंकले. बॉबी डॉड नावाच्या जुन्या कोचच्या नावाचं १९७६ पासून आहे, त्यात नुसता निकाल नाही तर पोरांचा अभ्यास आणि कोचची सचोटी पण मोजतात. पुढे प्रत्येक पायरीला यातलं काही ना काही उपयोगी पडेल म्हणून आधीच सांगून ठेवलं.

आता पहिली पायरी, आणि इथेच बहुतेक जण घसरतात. कोच म्हणजे नक्की कोण हे लिहून काढा. आपल्याकडे कॉलेजात जिमखाना सर असतात, म्हणजे फिजिकल एज्युकेशनचे डायरेक्टर, त्यांच्या अंगावर कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं असतं. टीम शीटवर सही त्यांची. प्रॅक्टिस मात्र घेतो एखादा बाहेरून येणारा कोच, किंवा दोन वर्षांपूर्वी पास झालेला जुना कॅप्टन, ज्याला कधी मानधन मिळतं कधी नुसता वडापाव. आमच्या पहिल्या वर्षी एका कॉलेजातून आलेल्या फॉर्मवर ज्यांचं नाव होतं ते सर सीझनभर ग्राउंडवर फक्त मॅचच्या दिवशी यायचे, टीम जिंकत होती, आम्ही कप बघून त्यांनाच अवॉर्ड दिलं. नंतर त्या टीमचा राईट बॅक मला ठाणे स्टेशनला भेटला आणि म्हणाला दादा, आम्हाला तर अमुक भाईने शिकवलं, त्याला माहीत पण नाही असं काही अवॉर्ड होतं. ती गोष्ट मला अजून लागून आहे. तेव्हापासून आमचा नियम एकच, सीझनमधल्या निम्म्याहून जास्त प्रॅक्टिसला जो स्वतः ग्राउंडवर उभा होता तो कोच, सही कोणाची का असेना. जिमखाना सरांनी ग्राउंड मिळवून दिलं, फी भरली, परवानग्या काढल्या तर त्यांचा सत्कार जरूर करा, पण तो वेगळा करा.

दुसरं म्हणजे ज्युनिअर आणि सीनिअर कॉलेज एकत्र मिसळू नका. अकरावी-बारावीची पोरं जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या शालेय स्पर्धांमध्ये खेळतात, सीनिअरची पोरं युनिव्हर्सिटीच्या इंटर-कॉलेजिएटला. स्पर्धा वेगळी, वय वेगळं, सीझन वेगळा, आणि ज्युनिअरचा कोच पोरं जरा हाताला आली की बारावी झाली म्हणून गमावतो. अमेरिकन कोच संघटना पण मोठ्या आणि लहान कॉलेजांसाठी वेगवेगळे विजेते निवडते ते याचसाठी. आम्ही फक्त सीनिअर घेतो. तुमच्याकडे माणसं कमी असतील तर तुम्ही पण एकच घ्या, दोन्ही करायला गेलात तर दोन्ही अर्धवट होतील.

नियम जूनमध्ये लिहायचे आणि तेव्हाच सगळ्या कॉलेजांना पाठवायचे. सीझन संपल्यावर लिहिलेले नियम कोणासाठी तरी लिहिलेत असंच लोकांना वाटतं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

मार्क कसे द्यायचे हा सगळ्यात मोठा भाग, इथे जरा थांबून वाचा. पहिला मोह होतो की जो जिंकला त्यालाच द्यावं, सोपं आहे, वाद नाही. पण आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धा नॉकआऊट असतात, पहिल्याच मॅचला गेल्या वर्षीचा चॅम्पियन समोर आला की तुमचा सीझन नव्वद मिनिटंसुद्धा टिकत नाही, कारण सुरुवातीच्या राउंडला मॅच पण छोट्या ठेवतात. अमेरिकेत मोठ्या कॉलेजांना सीझनला १२ मॅचेस मिळतात, तिथे रेकॉर्ड बघून काहीतरी बोलता येतं, आपल्याकडे दोन मॅचवरून कोचची लायकी कशी ठरवणार. आणि तिथेसुद्धा नुसता कप बघत नाहीत. २०२४ च्या सीझननंतर तिथली बरीचशी कोच अवॉर्ड्स इंडियाना युनिव्हर्सिटीच्या कर्ट सिग्नेटी यांना मिळाली, त्यांची टीम त्या वर्षी चॅम्पियन झाली नव्हती, नॉकआऊटमध्ये पहिल्याच मॅचला हरली, पण आदल्या वर्षी जी टीम ३ जिंकून ९ हरली होती तिला त्यांनी आल्या आल्या पहिल्याच वर्षात ११ विजयांपर्यंत नेलं. कोच मोजायचा तो असा, टीम कुठून उचलली आणि कुठे आणून ठेवली.

म्हणून आमच्या १०० मार्कांपैकी ३० गेल्या वर्षीपेक्षा झालेल्या सुधारणेला आहेत, आणि ती सुधारणा निकालात दिसली नाही तरी खेळात दिसली तर धरतो. २५ प्रॅक्टिसला, म्हणजे किती दिवस झाली, पावसात काय केलं, कशी घेतली. २० मार्क बेंचला, म्हणजे राखीव पोरांना कसं वापरलं त्याला, सीझनमध्ये किती जणांना खरोखर खेळायला मिळालं आणि जो जूनमध्ये डाव्या पायाने बॉल मारू शकत नव्हता तो नोव्हेंबरमध्ये मारतो का. १० अभ्यासाला, कारण अटेंडन्स आणि एटीकेटीच्या भानगडीत आपली निम्मी टीम जाते, आणि ज्या कोचने पोरांचे पेपरचे दिवस लिहून ठेवून प्रॅक्टिस हलवली, स्पोर्ट्सच्या १० ग्रेस मार्कांचे कागद वेळेत जातील हे बघितलं, त्याने पोराचं वर्ष वाचवलेलं असतं. उरलेले १५ सेफ्टी आणि वागणुकीला.

उदाहरण देतो, कॉलेजची नावं न घेता. एका टीमला स्वतःचं ग्राउंड, अकरापैकी सात पोरं क्लबमध्ये शिकून आलेली, गेल्या वर्षी सेमी, या वर्षी फायनल. दुसऱ्या टीमला ग्राउंड नाही, पोरं घणसोली-कोपरखैरणेहून पहाटेची ट्रान्स-हार्बर लोकल पकडून यायची, गेल्या वर्षी पहिल्याच मॅचला ०-६, या वर्षी दोन राउंड जिंकून तिसऱ्यात पेनल्टीवर हरले. पहिल्या कोचला सुधारणेत ३० पैकी १५ मिळाले, बेंचमध्ये ८, कारण त्याचे तेच तेरा जण सगळीकडे खेळले. दुसऱ्याला सुधारणेत २६, बेंचमध्ये १७. बाकीच्या रकान्यांत दोघं जवळपास सारखे होते. अवॉर्ड दुसऱ्याला गेलं आणि पहिल्या कोचने स्वतः येऊन त्याचं अभिनंदन केलं, म्हणाला मला माहीत आहे त्याच्याकडे काय होतं आणि काय नव्हतं.

सेफ्टीवर थोडं जास्त बोलणार आहे. अमेरिकेत पॉल ब्रायंट नावाचे कोच होते, अलाबामाचे, त्यांनी शेवटची मॅच खेळवली आणि महिन्याच्या आतच, २६ जानेवारी १९८३ ला, हार्ट अटॅकने गेले. त्यांच्या नावाचं अवॉर्ड आता तिथल्या हार्ट असोसिएशनसोबत जोडलेलं आहे. आपल्या फुटबॉलमध्ये १२ जून २०२१ ला युरो कपच्या मॅचमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन हृदय बंद पडून कोसळला ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, तो वाचला कारण ग्राउंडवर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवणं, आणि शॉक देणारी मशीन मिळाली. आता विचार करा हेच आपल्या कुठल्या मैदानावर झालं तर. म्हणून आम्ही कोचला विचारतो की सीपीआर येतो का, करून दाखव, ३० वेळा छाती दाबायची मग २ श्वास, आणि किती जोरात, किती वेगाने. १०८ ला फोन करून मैदानाचा पत्ता आणि कुठलं गेट उघडं असतं हे सांगता येतं का. फर्स्ट एड बॉक्स उघडून बघतो, कित्येकदा आत फक्त संपलेला स्प्रे आणि पट्टीचा चिकट गोळा निघतो. पोराच्या डोक्याला लागलं तर कोच त्याला बाहेर काढतो की पाणी मारून परत आत पाठवतो, हे मॅचमध्ये बघा. डोक्याला लागलेल्या पोराला परत खेळवलं असेल तर आमच्याकडे तो कोच त्या वर्षी सरळ बाद, मग बाकी मार्क कितीही असू दे. शिवीगाळ, मारणं, मुलींच्या टीमशी वागण्यात काही गडबड, यात पण मार्क कापायचे नाहीत, नावच काढायचं, आणि तक्रार असेल तर ती कॉलेजच्या समितीकडे जाईल हे बघायचं, आपल्या ग्रुपमध्ये दाबून ठेवायची नाही.

कोचिंगच्या लायसन्सला वेगळे मार्क ठेवायचे का, हा प्रश्न दरवर्षी येतो. डी लायसन्स, मग एएफसी म्हणजे आशियाई फुटबॉल संघटनेचं सी, बी, ए असा तो जिना आहे आणि जो चढतो त्याचं कौतुक आहेच, पण कोर्सला पैसे लागतात आणि सुट्टी लागते, आणि ज्याला महिन्याचं मानधन धड मिळत नाही त्याच्याकडून ती अपेक्षा कशी करायची. आम्ही मार्क देत नाही. उलट जिंकणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर आमच्या वर्गणीतून कोर्सच्या फीला हातभार लावतो, कपापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो असा माझा अनुभव आहे.

मत कोण देणार? ऑनलाईन पोल अजिबात घेऊ नका. ज्या कॉलेजात पाच हजार पोरं ते जिंकणार, यात फुटबॉल कुठे आला. आमच्याकडे तीन प्रकारची मतं असतात. एक, समोरच्या टीमचे कोच, ज्यांना स्वतःच्या कॉलेजला मत देता येत नाही. समोरच्या डगआऊटमधल्या माणसाला बरोबर कळतं की कोणी टीम बसवलीय आणि कोणाच्या टीममध्ये फक्त दोन पोरं भारी आहेत. दोन, रेफरी. रेफरींना विचारायचं कोणाला सुचत नाही, पण लाइनवर उभा असलेला असिस्टंट रेफरी बेंचपासून हाताच्या अंतरावर असतो, कोच काय बोलतो, हरताना कसा वागतो, सगळं त्याच्या कानावर पडतं. तीन, पोरं. कॅप्टन एक, आणि दोन राखीव खेळाडू, जे आपण निवडायचे, कोचने नाही. नाव न टाकता गुगल फॉर्म भरून घ्या आणि प्रश्न साधे ठेवा. सर तुला काय नावाने हाक मारतात? शेवटचं नवीन काय शिकलास? तू हरलास त्या दिवशी सर काय म्हणाले? या तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाचताना आमचे अकरा जण गप्प बसलेले असतात. कोणी अठराच्या खालचं असेल तर घरच्यांची परवानगी घ्या, फॉर्म फक्त दोघांनीच उघडायचा आणि काम झालं की डिलीट.

आणि स्वतः जाऊन बघा. हे टाळता येत नाही. प्रत्येक शॉर्टलिस्ट कोचच्या प्रॅक्टिसला न सांगता दोनदा जायचं, एकदा जुलैच्या धो धो पावसात आणि एकदा टीम हरल्यानंतरच्या पहिल्या प्रॅक्टिसला. पावसात बघायचं की मैदानाचं तळं झालंय म्हणून सुट्टी दिली की जिमखान्याच्या पॅसेजमध्ये नेऊन बॉल कंट्रोल, बोर्डवर पोझिशन, काहीतरी केलं. चिखलात खेळवत असेल तर पोरांना घोट्याची काळजी घ्यायला सांगतो का तेही बघा. पोरं किती वेळ लाईनमध्ये नुसती उभी असतात ते घड्याळ लावून मोजा, वीस पोरांत दोनच बॉल असतील तर तो कोचचा दोष नाही, पण त्या दोन बॉलांत वीस पोरांना हलतं ठेवणारा कोच मी स्वतः बघितलाय, चार-चारचे पाच गट, दोन गट बॉलवर, बाकीचे तीन पळणं आणि मार्किंगवर, दर चार मिनिटांनी शिट्टी आणि गट बदल.

हरल्यानंतरची प्रॅक्टिस मात्र सगळं सांगते. ऐरोलीत एकदा मी गेलो होतो, आदल्या दिवशी टीम पेनल्टीवर हरलेली, सेकंड इयरचा एक पोरगा चुकलेला. तो आलाच नव्हता. कोचने प्रॅक्टिस सुरूच केली नाही, फोन केला, उचलला नाही, मग बाईक काढून त्याच्या घरी गेला आणि पाऊण तासाने त्याला मागे बसवून घेऊन आला. बाकीच्यांना काही लेक्चर नाही, काही नाही. शेवटी पेनल्टी प्रॅक्टिस ठेवली आणि पहिली किक त्यालाच दिली. माझ्या कागदावर त्या दिवशी मी आकडा लिहिला नाही, फक्त हे लिहून आणलं आणि मीटिंगमध्ये वाचून दाखवलं.

निकाल सगळ्या स्पर्धा संपल्यावरच ठरवा. ब्रायंट यांच्या नावाचं अवॉर्ड सीझनच्या शेवटच्या मॅचेस झाल्यावर जानेवारीत देतात, आम्ही पण तेच पकडलंय. युनिव्हर्सिटी टीममध्ये पोरांचं सिलेक्शन होऊन ती टीम वेस्ट झोनच्या इंटर-युनिव्हर्सिटी स्पर्धेला जाऊन आली, की मग बसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परीक्षा असतात, तेव्हा पोरांना फॉर्म भरायला लावू नका.

पैशांचं थोडक्यात. आम्ही अकरा जण प्रत्येकी हजार काढतो, त्यात ट्रॉफी, सर्टिफिकेट, पाच नंबरचे चार चांगले बॉल आणि एक भरलेला फर्स्ट एड बॉक्स बसतो. ज्या टर्फचा किंवा अकॅडमीचा कोच स्पर्धेत आहे त्यांचा स्पॉन्सर घेऊ नका, कितीही प्रेमाने देत असले तरी. बाहेरून लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर आधी रीतसर संस्था रजिस्टर करा. आणि सर्टिफिकेटवर "राज्यस्तरीय" किंवा "विद्यापीठ" असले शब्द घालू नका, आपण ते नाही, आणि तो कोच उद्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला ते सर्टिफिकेट दाखवणार असतो, तिथे त्याची अडचण होता कामा नये.

नाव कोणाचं द्यायचं यावर घाई करू नका. पत्रकारांचं ते अवॉर्ड १९५७ पासून होतं, रॉबिन्सन यांचं नाव त्याला १९९७ मध्ये लागलं, म्हणजे चाळीस वर्षं बिननावाने चाललं तरी काही बिघडलं नाही. आमच्यात कोणी म्हणालं रहीम साहेबांचं द्या, सय्यद अब्दुल रहीम, १९६२ च्या एशियाडचं गोल्ड मिळवून देणारे कोच आणि मूळचे शिक्षक, नाव मोठंच आहे. पण मला वाटतं आपल्याच मैदानावर आयुष्य घालवलेल्या कोणाचं तरी लागावं, त्यांच्या घरच्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तरच. तोवर साधं नाव ठेवा.

असिस्टंटला विसरू नका. अमेरिकेत १९९६ पासून फक्त असिस्टंट कोचसाठी ब्रॉयल्स अवॉर्ड आहे. आपल्याकडे असिस्टंट म्हणजे बॉलची जाळी उचलून आणणारा, गोलकीपरला वेगळी प्रॅक्टिस देणारा, दुखापत झालेल्या पोराला रिक्षाने हॉस्पिटलला नेणारा. दुसऱ्या वर्षापासून त्याच्यासाठी एक छोटी ट्रॉफी ठेवा.

देताना हॉल बुक करू नका. गडकरी किंवा भावे नाट्यगृहात शाल-श्रीफळ देऊन फोटो छान येतो, पण अर्धी पोरं येत नाहीत आणि भाषणं संपत नाहीत. ग्राउंडवर द्या. आम्ही जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी जुन्या पोरांची फ्रेंडली ठेवतो आणि हाफ टाईमला देतो, दहा मिनिटांत. ट्रॉफी पाहुण्याने नाही, त्या टीमच्या राखीव खेळाडूने द्यायची, जो वर्षभर सगळ्यात कमी खेळला त्याने. कोचचं नाव सर्टिफिकेटवर कसं लिहायचं ते आधी त्यालाच विचारून घ्या. आणि कोचच्या घरच्यांना आठवडाभर आधी फोन करा, आईला, बायकोला, पोरांना. गेल्या वर्षीच्या कोचची मुलगी सहावीत आहे, बाबा रोज पहाटे कुठे जातात हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि दुसऱ्या हाफमध्ये ती टचलाइनला उभी राहून बाहेर गेलेले बॉल आत देत होती.